कोरडा भंडारा

खाली मान घालून बोलणारा माणूस खोटाच असतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

विचारतो, कारण आमच्या गावच्या चावडीत माझ्या विरुद्ध तोच एक पुरावा होता.

नवा कुळकायदा आला होता. जो कसतो त्याचं नाव कूळ म्हणून लागणार. चौकशीला पाथरीहून महसुलाचा साहेब, गिरदावर, आला. ओढ्याकाठचं देशमुखाचं रान माझा बाप कसत होता. बाप गेल्यावर मी आणि माय कसत होतो. थोडी मेंढरं आहेत, पण पोट त्या रानावर. देशमुखाला तिथं कुळाचं नाव लागू द्यायचं नव्हतं.

हातात खंडोबाचा भंडारा घेतला की खोटं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. देशमुखाच्या घरून भंडाऱ्याचं ताट आलं. त्याचे गडी एकामागून एक उठले. चिमूटभर हळद उचलली आणि म्हणाले, रान मालकच कसतात. पिवळ्या बोटांनी खोटं बोलले. त्यांच्या घरातली चूल मालकाच्या हातात आहे. मी त्यांना शिव्या देत नाही.

मग माझी पाळी.

"ए मेंढक्या, ये फुडं," देशमुख म्हणाला. "उचल भंडारा."

मी कसा आहे ते इथंच सांगतो. कोरडी हळद, कोरडं पीठ, राख. बोटांना लागली की अंगावरून करवत फिरते, श्वास अडकतो. हलगी वाजली की कानात तापलेली सळई जाते. न सांगता कुणी खांद्यावर हात ठेवला तर भाजतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की त्याचं बोलणं मला ऐकू येत नाही. मान खाली घातली की शब्दन् शब्द ऐकू येतो. लोक तोंडानं एक बोलतात आणि मनात दुसरं ठेवतात, ते मला उशिरा कळतं. कधी कळतच नाही. रोजच्या बांधावरून, रोजच्या वाटेनं गेलो नाही तर दिवसभर जीव थाऱ्यावर राहत नाही. भीती वाटली की उभ्या उभ्या डुलतो. मोठा झालो की जाईल म्हणायचे. मिशा आल्या. गेलं नाही. मी असाच घडलो आहे. वेडा नाही.

गावाला हे सगळं ठाऊक. माय हळद पाण्यात कालवते आणि मग माझ्या कपाळाला लावते. ओली हळद मला चालते. देवाची तक्रार नाही. जत्रेत मात्र देशमुखाचे पुतणे मुठी भरभरून कोरडा भंडारा माझ्या अंगावर उधळायचे. मी कसा ओरडतो ते पाहुण्यांना दाखवायचे. देशमुख बाजूला सुपारी कातरत बसलेला असायचा. बघायचा.

म्हणजे त्याला माहीत होतं. ते ताट त्यानं माझ्यासाठीच आणलं होतं.

मी हात पुढं केला. बोटं ताटापर्यंत गेली. मागं आली. पुन्हा नेली. पुन्हा मागं. दातावर दात. अंग डुलायला लागलं.

"बघा सायेब," देशमुख म्हणाला, "देव बी ह्याची आन घेईना झालाय."

चावडी हसली.

गिरदावर म्हणाला, "इकडं बघ. माझ्या डोळ्यांत बघून सांग, शेत कोण कसतं?"

"मी कसतो." मी फरशीकडं बघत होतो.

"वर बघ."

"मी कसतो."

"सायेब, येडं हाय ते," देशमुख म्हणाला. "दया म्हून ठिवलंय. येड्याच्या नावावर कूळ लागत असतंय व्हय?"

"लावा की मालक," मागून एक गडी ओरडला. "त्येच्या मेंढराचं बी लावा एक!"

पुन्हा हशा.

माय पायरीखाली उभी होती. बाईला चावडीवर चढू देत नाहीत. ती तिथून ओरडली, "सायेब, पाण्यात कालवून द्या वो त्येला. उचलतंय माझं लेकरू. निस्तं पाणी घाला."

"काय म्हणायलीय ही बाई?" गिरदावरानं विचारलं.

"माय बी तसलीच हाय," देशमुख म्हणाला.

गिरदावरापुढं पाण्यानं भरलेला तांब्या होता. कुणी हात लावला नाही.

मग देशमुखानं आवाज मऊ केला. "पाया पड. म्हण, मालकाच्या दयेवर जगतो. गोठ्यात ऱ्हा. भाकरी देतो दोघांला बी."

"पड रं बाळा," माय म्हणाली. "पड. कुटं जावं आपुन?"

मायचं मी कधी मोडलं नव्हतं. पण दया? पेरणी दया होती? मायच्या पायाच्या भेगा दया होत्या? माझं डुलणं थांबलं.

"न्हाई पडत. शेत मी कसतो."

एखादं वाक्य माझ्या तोंडात अडकतं. मी तेच तेच बोलत राहतो. एरवी मला त्याची लाज वाटते, तोंड दाबून धरतो. त्या दिवशी दाबलं नाही. शेत मी कसतो. शेत मी कसतो. देशमुखाच्या दोघा गड्यांनी दंड धरले. अंग पेटलं. ओरडलो तेही तेच. पायऱ्यांवरून ढकललं, गुडघे फुटले. घसा बसेपर्यंत तेच.

गिरदावरानं माझं बयान घेतलंच नाही.

आता त्या रानात देशमुखाची औतं चालतात. सकाळी माझे पाय आपोआप ओढ्याकडं जातात. बांधावर त्याचा गडी काठी घेऊन उभा असतो. मी परत फिरतो. दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तिकडंच. त्यांना दुसरी वाट येत नाही. माय माझ्याशी बोलत नाही. भाकरी ठेवते आणि भिंतीकडं तोंड करून बसते. कधी वाटतं, पडलो असतो पाया तर ती बोलली असती.

पाथरीला कुळांची बाजू मांडणाऱ्या कार्यकर्त्यांकडं गेलो. त्यांच्या पत्रकांवर मी मराठी वाचायला शिकलो. पाठ होईपर्यंत एकेक पत्रक वाचलं आहे. त्यांच्यातला एक म्हणाला, "तुझं खरं आहे. पण सभेत तू बोलू नकोस. लोक हसतील, मुद्दा मागं पडेल." प्रेमानं म्हणाला असेल. खांद्यावर हात ठेवला. भाजलं.

साथी, तुमच्या पत्रकावर कसणाऱ्याचं चित्र आहे. मान ताठ, नजर समोर, मूठ वर. माझी मान वर होत नाही. मग मी कसत नव्हतो काय?

पाथरीच्या कचेरीत मी अर्ज दिला आहे. तारीख लागेल. मी जाणार. कोरडा भंडारा उचलणार नाही. साहेबाच्या डोळ्यांत बघणार नाही. कुणाच्या सोयीसाठी गप्प बसणार नाही. बाहेर काढलं तर फाटकात उभा राहून बोलेन.

तुम्ही या. घोषणा देऊ नका, आवाज मला सोसत नाही. खांद्यावर हात ठेवू नका. मागं उभे राहा, आणि कचेरी हसेल तेव्हा हसू नका.

येणं जमत नसेल तर आपल्या गावात बघा. माझ्यासारखं कुणीतरी तिथं असेल, गोठ्यात, मागल्या खोलीत, सगळ्यांच्या चेष्टेला. त्याचं बयान घ्या. तो खाली बघून बोलेल. बोलू द्या. त्याच्यापुढं कोरडं ताट आलं आणि तुमच्या हाताशी तांब्या असला, तर पाणी ओता.