इर्जिकीचा कंटेनर

वस्तू कोणाचीही असो, आबा तिच्याकडे हनुवटीने दाखवत आणि म्हणत, "आपलंच हाय की." रस्त्यात उभा असलेला टेम्पो, शेजारच्याच्या बोअरचं पाणी, तहसील कचेरीतला कारकून, सगळं आपलंच. पहिल्या भेटीत मला वाटलं, निम्मा शिरूर तालुका या माणसाच्या नावावर असावा. पण चहाचे पैसे दुसऱ्या कोणाला ते देऊ देत नसत. तेही आपलंच.

मी दौंडला राहते आणि निर्यातीच्या कागदपत्रांची कामं करते. आबांचा कारखाना न्हावऱ्याजवळ, शिरूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उसाला लागून. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये ट्रकचे ब्रेक ड्रम तयार व्हायचे. आबांचा फोन आला की सुरुवात ठरलेली असे. "ताई, काम काय न्हाई, आसंच केला." मग पाऊण तास कामच चाले.

पुढची हकीगत कळायला एका कराची माहिती लागेल. थोडक्यात सांगते, जांभई द्यायला माझी हरकत नाही. परदेशातल्या एका सरकारने पूर्वी ठरवलं की आपल्याकडचे कारखानदार स्वतःच्या बाजारापेक्षा स्वस्त भावाने तिकडे ड्रम विकतात आणि तिकडचे कारखाने बुडवतात. म्हणून आपल्या ड्रमवर जादा कर बसला, अँटिडम्पिंग ड्युटी. तेव्हा जे माल पाठवत होते त्यांच्यापैकी काहींची चौकशी होऊन त्यांना आपापला दर मिळाला. उरलेल्या सगळ्यांना सरसकट जबर दर. आबांनी तोवर परदेशात एक ड्रम पाठवला नव्हता, तरी त्यांच्या वाट्याला तो जबर दरच आला. मात्र अशा नव्या निर्यातदाराला स्वतःची वेगळी तपासणी मागता येते. त्यात आपला सौदा खरा आहे हे पटवावं लागतं, आणि जुन्या निर्यातदारांपैकी कोणाशी आपलं साटंलोटं नाही हेही.

"म्हंजी जुन्यांच्या पंगतीला आपण न्हवतो, तर आपलं ताट येगळं मागायचं," आबा म्हणाले.

ताट मिळालं नाही तर परदेशी गिऱ्हाईक जाणार होतं. त्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर आबांनी नवी यंत्रं घेतली होती, त्यांवर गावातली माणसं लावली होती. ती माणसं घरी बसली असती.

आता बापूंबद्दल सांगायला हवं. त्यांचा कारखाना आबांच्या भिंतीला लागून. तेही ड्रमच बनवायचे आणि जुने निर्यातदार होते. दोघांची रानं तळेगाव ढमढेऱ्याला बांधाला बांध लावून, त्यामुळे कारखान्यांचीही भिंत एकच झाली तेव्हा कोणाला त्याचं विशेष वाटलं नव्हतं.

आबांचा पहिला परदेशी माल जायचा होता त्या दिवसाची गोष्ट. कंटेनर दारात येऊन उभा राहिला आणि माल उचलून चढवायचा आबांचा फोर्कलिफ्ट बंद पडला. निम्मे कामगार सणाला उत्तरेत आपल्या गावी गेलेले. बापूंनी भिंतीवरून पाहिलं, आपलं काम थांबवलं आणि फोर्कलिफ्टसकट आपली माणसं पाठवून दिली. संध्याकाळपर्यंत कंटेनर भरला. आमच्या भागात याला इर्जिक म्हणतात. एकट्याला न उरकणारं शेतातलं काम गावाने औतं आणून एका दिवसात उरकायचं. मजुरी नसते. ज्याचं रान त्याने जेवण घालायचं. आबांनी मटण-भाकरी केली, माळकऱ्यांसाठी पुरणपोळी. कंटेनरसमोर पंगत बसली, आबांची माणसं खाकी कपड्यांत, बापूंची निळ्या. आबांनी त्या पंगतीचा फोटो फ्रेम करून ऑफिसात लावला.

मग तपासणीला परदेशी अधिकारी आले, एक बाई आणि त्यांचा सहकारी, सोबत पुण्याची दुभाषी मुलगी. त्यांना चहासुद्धा घ्यायची परवानगी नव्हती. पाण्याच्या बाटल्याही त्यांनी आणलेल्या. आबांचा चेहरा उतरला. "पाव्हणा पाणीबी घेत न्हाई म्हंजी आपलं काय चुकलं, ताई?"

"नियम आहे त्यांचा. आणि आबा, विचारतील तेवढंच सांगा."

दर, खर्च, इथली विक्री, सगळं नीट जुळलं. अधिकारी उठता उठता बाईंची नजर फोटोवर गेली. निळ्या कपड्यांतले कोण, त्यांनी विचारलं.

"आपलीच माणसं," आबा उत्साहाने म्हणाले. "शेजारच्या बापूंची."

बाई पुन्हा बसल्या. फोर्कलिफ्ट कोणाचा? बापूंचा. भाडं किती दिलं? भाडं कसलं? दुभाषी मुलीने इर्जिक कधी ऐकलीच नव्हती. आबांनी आधी तिला सगळं समजावलं, मग तिने बाईंना. बदल्यात काय दिलं? मटण-भाकरी आणि पुरणपोळी. बाईंनी ते शांतपणे लिहून घेतलं.

"पण ते तुमचे स्पर्धक आहेत," बाई म्हणाल्या. "तुमचा माल खपला तर त्यांचा कमी खपेल. मग त्यांनी मदत का केली?"

आबांनी बराच विचार केला. प्रश्न त्यांना खरोखरच कळत नव्हता. शेवटी म्हणाले, "आवो, कंटेनर दारात हुबा व्हता ना."

ते लोक गेल्यावर मी आबांवर भडकले. "भाड्याने आणला होता म्हणाला असतात तर जीभ झिजली असती का?"

"बापूला भाड्याचा करू व्हय?" ते म्हणाले. माझ्यावर त्यांनी आवाज चढवला तो तेवढा एकदाच.

शंका यायची ती आलीच, हे दोन कारखाने आतून एकच तर नाहीत? तपासणीत आमची बाजू मांडणाऱ्या वकिलांनी सुचवलं की दोघांनी शपथेवर लिहून द्यावं. दोन्ही घरांत नातं नाही, एकमेकांच्या धंद्यात भाग नाही. झाली ती मदत एकदाच झाली आणि यापुढे माणसं, यंत्रं, जागा यांची देवाणघेवाण होणार नाही. शिरूरच्या नोटरीकडे मी दोघांना घेऊन गेले. बापूंनी सही करून टाकली. आबा पेन धरून बसले.

"म्हंजी हितनं पुढं न्हाई?"

"नाही, आबा."

"कर रं सही," बापू म्हणाले. "पोरं घरी बसतील तुझी."

आबांनी सही केली. बाहेर आम्ही चहा प्यायलो. आबांनी सवयीने खिशात हात घातला, आणि मग स्वतःपुरतेच पैसे काढून टेबलावर ठेवले. बापूंनी ते पाहिलं आणि आपले ठेवले.

दर मिळाला, तोही चांगला. कारखाना तरला. आबा माझ्याकडे पेढे घेऊन दौंडला आले. बापूंना दिले का, मी विचारलं.

"नगं. उद्या कुणी इचारलं तर?"

पेढ्याला बंदी नाही, असं मी परोपरीने सांगितलं. "सही हाय, ताई," एवढंच ते म्हणाले. सह्या करून विसरणारे लोक मी रोज बघते, माझा धंदाच तो आहे. केलेल्या सहीला इतकं जपणारा माणूस मला दुसरा भेटला नाही, आणि तो भेटल्याचं त्या दिवशी मला दुःखच झालं. पुढे आबांचा फोर्कलिफ्ट पुन्हा बिघडला तेव्हा त्यांनी शिरूरहून भाड्याने आणला. "माझा हितं रिकामा हुबा व्हता," बापू मला म्हणाले, "आन् ह्यानं त्याच्याकडं बघितलंबी न्हाई." दोघं गावात भेटत, बोलत. पण कारखान्यात आबा मला काही दाखवू लागले की हनुवटी उचलली जायची आणि भिंतीपाशी थांबायची.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. सकाळी रानात पाणी द्यायला गेले होते, तिथेच बसले.

तळेगावच्या त्यांच्या घरापुढे गर्दी होती. बापू आले, मागे निळ्या कपड्यांतली त्यांची माणसं. पण ती सगळी फाटकाबाहेरच थांबली. कोणी या म्हणालं तरी बापू आत येईनात. मग त्यांनी मला हाताने बाहेर बोलावलं.

"ताई, माणसं द्यायची न्हाईत आसं लिवून दिलंय आपण." त्यांनी मागच्या माणसांकडे बघितलं. "म्या आन् पोरांनी खांदा दिला तर आबाच्या कारखान्याला काय व्हनार न्हाई ना?"

मला रडू आवरेना. "काही होणार नाही, बापू. जा तुम्ही."

"नक्की ना? पोरं हाईत तिथं कामाला."

"नक्की."

ते आत गेले आणि तिरडीच्या पुढच्या बाजूला उभे राहिले. मुंबईहून आलेल्या कोणा पाहुण्याने विचारलं, "आपण आबांचे कोण?"

बापूंनी आधी माझ्याकडे बघितलं. मग "शेजारी" म्हणाले आणि खांदा लावला.