कशानं कडक?

आमच्या सांगलीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांपुढे (पोरं त्यांना ताणमास्तर म्हणत) कुठल्याही वस्तूला नुसतं 'कडक' म्हणायची सोय नव्हती. म्हणालात की चष्मा कपाळावर चढवून ते विचारत, "कशानं कडक? वढून, पिळून, का चहूकडनं दाबून?"

ही तीन मापं वेगळी आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या जागी चालत नाही, हा त्यांचा धर्म होता. पुस्तकात त्यांना इंग्रजी नावं होती. मास्तर ती फक्त तपासनीस आले की वापरत. वजनं लावून किती लांबते ते दाखवायला प्रयोगशाळेच्या तुळईला त्यांनी पोलादी तार टांगली होती. रबराची नळी मात्र ते वर्गात हातोहात फिरवत. "वढलं तर लांबतंय, पिळलं तर फिरतंय. म्हणून मऊ म्हणता? आता ह्येच घट्ट भांड्यात कोंबा आन् सगळीकडनं दाबा. तसूभर हटायचं न्हाई." पाण्याचीही तीच गत. पिळायला गेलं तर विरोध शून्य, पण कोंडून दाबलं तर दाद देत नाही. पोलाद तिन्ही परीक्षांत रबराच्या पुढे. "पोलादाशी माझं कायबी भांडण न्हाई," असं मास्तर म्हणत.

भांडण माणसांशी होतं. मुख्याध्यापकांबद्दल ते म्हणत, "वढून हलायचे न्हाईत, पर साहेबानं जरा पिळलं की गर्रकन फिरतात." मला, मराठीच्या शिक्षकाला, त्यांनी बूच ठरवलं होतं. "गड्या, तुला दाबलं की आत जातोस, आन् शेजाऱ्याला धक्काबी लागत न्हाई." बूच दाबलं तरी बाजूंना फुगत नाही, तेव्हा हे वर्णन शास्त्रशुद्ध आहे, असं मी पुढे पुस्तकात वाचलं. माझ्याबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

मास्तरांची मुलगी इंदू मॅट्रिक झाली. साताऱ्याला शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायचं तिने ठरवलं होतं, जागाही मिळाली होती. तेवढ्यात म्हसवडकडच्या एका सुभेदारांचं स्थळ आलं. मुलगी पाहून झाली, पसंत पडली. आता सुपारी फोडली की लग्न पक्कं, म्हणून मंडळी जमली. सुशिक्षित माणूस दिसावा म्हणून मलाही बसवलं होतं.

"आमचा पोरगा लय कडक. पोलाद!" सुभेदार मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

मास्तरांचा चष्मा कपाळावर गेला.

"कशानं कडक, सुभेदार?"

"म्हंजे?"

"आता बघा, एकीकडनं तुमी वढताय. उद्या बायको दुसरीकडनं वढंल. तवा ह्यो किती लांबंल?"

नवऱ्यामुलाने उत्तरासाठी वडिलांकडे पाहिलं.

"झालं," मास्तर म्हणाले. "पिळायचंबी कळलं."

"आवं मास्तर, सोयरीक जुळवताय का प्रयोग करताय?" सुभेदार गरजले. "आमची एकच ऑर्डर. पोरीचं शिक्षान आजपासनं बंद. आमची सून मास्तरीण व्हायची न्हाई. कबूल असंल तर फोडा सुपारी."

मास्तरांचे मेहुणे डोळे वटारत होते. दाराआडून बायको बांगड्या वाजवून खुणावत होती. भटजी मुहूर्त टळतोय म्हणून पुटपुटत होते. मास्तरांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाले, "बरं."

चहूकडच्या दाबाचं त्यांचं स्वतःचं माप आम्हाला असं भर बैठकीत मिळालं.

तेवढ्यात इंदू पानाचं तबक घेऊन बाहेर आली. मंडळींच्या मधोमध ठेवलेली ती सुपारी तिने उचलली. तशीच रीत असेल, असं त्यांना वाटलं असावं. कोणी हरकत घेतली नाही. तिने खाली बसून अडकित्त्याने सुपारी बारीक कातरली, पानापानावर चिमूट चिमूट घातली आणि पहिला विडा सुभेदारांच्या हातावर ठेवला.

"घ्या मामा. लांब जायचंय, रिकाम्या तोंडानं जाऊ नका."

सुभेदारांनी सवयीने विडा तोंडात टाकला. दोन-तीनदा चावल्यावर त्यांची नजर सुपारीच्या जागेवर गेली. फोडायला काही उरलं नव्हतं, आणि ओरडायला तोंड मोकळं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मास्तर इंदूला साताऱ्याच्या मोटारीवर बसवायला आले. लढाईचे दिवस; पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि निघायच्या आधी तासभर खोकत. मोटार हलली तेव्हा मास्तर "पत्र लिव्ह," एवढंच म्हणाले आणि धुरात उभे राहून रडू लागले. रस्त्यापलीकडे त्यांचाच अर्धा वर्ग उभा होता.

"मास्तर, पोरं बघतायत," मी हळूच म्हणालो.

"बघू देत रं," ते म्हणाले, आणि डोळे न पुसताच शाळेकडे चालू लागले.