पुलाची खालची बाजू

त्या लोखंडी पुलाबद्दल मी घरात इतकी वर्षं बोललो नाही. बोलण्यासारखं होतं, म्हणूनच.

तेव्हा मी सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. पुण्याबाहेर जाणाऱ्या हमरस्त्यावर, नदीवर, इंग्रजांच्या काळातला कैचीचा पूल होता. दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर तिरप्या लोखंडी पट्ट्यांची जाळी, सगळी रिव्हेटनं जोडलेली. तपासायची रीत साधी. रिव्हेटच्या एका बाजूला बोट ठेवायचं, दुसऱ्या बाजूनं हातोडीचा टोला. बोटाला थरथर लागली तर रिव्हेट ढिला. निवृत्तीला आलेले आमचे मिस्त्री सकाळपासून तेच करत होते, मी वहीत लिहीत होतो. दुपारपर्यंत वरचं झालं. चार ढिले, बाकी पक्के.

"खालचं ऱ्हायलं, साहेब," ते म्हणाले. दोरांना फळी बांधून त्यांनी झोपाळा तयार ठेवला होता. "मी उतरतो. तुमी नुसतं वर थांबा, तासाभराचं काम हाय. सही तुमची लागती."

मला सदाशिव पेठेत कॉम्प्युटरच्या क्लासची परीक्षा होती. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडणार, या भीतीनं कंपन्या मिळेल त्याला घेत होत्या. माझ्याबरोबरचे निम्मे सिव्हिलवाले केव्हाच तिकडे गेले होते. "उद्या बघू," म्हटलं आणि स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वरिष्ठांनी अहवाल मागितला. बघितलं नाही असं कसं लिहिणार? मी लिहिलं, 'खालची बाजू शंकास्पद. सविस्तर तपासणी होईपर्यंत जड वाहने बंद ठेवावीत.' सावध अहवालाबद्दल कुणी जाब विचारत नाही. मिस्त्रींनी वाचून एवढंच विचारलं, "शंका कुणाला आली, साहेब?"

महिन्याभरात मी आयटीत गेलो. ती सविस्तर तपासणी कधी झालीच नाही.

माझी थोरली बहीण पुलापलीकडे राहायची, स्वारगेटजवळच्या दवाखान्यात नर्स होती. बस पूल ओलांडेनाशी झाली. दुखरा गुडघा घेऊन ती रोज पूल चालत यायची, मग बस धरायची.

"तुझ्याच जुन्या खात्यातला कोणीतरी दिव्य पुरुष आहे," ती म्हणायची. "विचार ना त्याला, पूल पडायचा मुहूर्त कधीचा काढलाय?"

मी हसायचो. हसायचो!

दोन वर्षं तिनं असं काढलं, मग नोकरी सोडली. घरात बसणं तिला कधीच मानवलं नाही, अजूनही मानवत नाही.

परवा तिला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. हात थांबले.

"म्हणजे तू खाली बघितलंच नव्हतंस?"

"नाही."

"आणि ते मिस्त्री उतरायला तयार होते?"

"हो."

"एक तास?"

"ताई, आता शेजारी नवा पूल झालाय. जुन्यावरून कोणी जातही नाही. तरी माझं चुकलं, मी कबूल..."

"तुझं कबूल राहू दे. मला एवढंच सांग, पूल चांगला होता की नव्हता?"

मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. मला माहीत नाही, एवढंच मी तिला सांगू शकलो.