वर वळलेल्या चोचीचा तुतवार

ऑगस्ट सरत आला की एनिड लार्टर गळ्यात दुर्बीण अडकवून बांधावर येऊन बसते. इंग्लंडच्या पूर्वेला, नॉर्फकच्या किनाऱ्यावर तेव्हा उत्तरेकडून परतीचे पक्षी उतरतात. भरती चढू लागली की चिखलभर विखुरलेले थवे मागे सरकत सरकत बांधापाशी येतात. पाहून घ्यायचं ते त्या तासाभरात.

बत्तीस वर्षं तिनं गावच्या शाळेत स्वयंपाक केला. पक्ष्यांचं वेड होतं ते नवऱ्याला, क्लिफर्डला. ती नुसती सोबतीला यायची, विणकाम घेऊन. अशाच एका ऑगस्टात तो कुजबुजला, "एनिड, बघ, बघ! चोच वर वळलीय त्याची!"

"थांब रे, एवढी ओळ संपू दे."

ओळ संपली तोवर पक्षी उडाला होता.

कोकणातल्या खाड्यांवर हा तुतवार हिवाळ्यात सहज भेटतो. नॉर्फकला मात्र एखादाच, तोही वाट चुकून. जिल्ह्याच्या नोंदी ठेवणारा डेस्मंड चौकशीला घरी आला.

"तू पाहिलास, एनिड?"

तिला खोटं बोलवेना. "नाही."

एकट्याच्या शब्दावर नोंद झाली नाही. क्लिफर्डनं तिला कधी बोल लावला नाही. "मोजा मात्र फक्कड झाला हं," असं हसून म्हणायचा. पण त्या पक्ष्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही, आणि तेच तिला लागून राहिलं.

तो गेल्यावर तिनं सुया ठेवून दिल्या आणि त्याची दुर्बीण उचलली. साठी उलटल्यावर एकेक पाखरू ओळखायला शिकली. अकरा ऑगस्ट असेच गेले.

गेल्या वर्षी, एका ढगाळ सकाळी, तो समोर आला. आखूड नारिंगी पाय, वर वळलेली चोच, आणि बस चुकत असल्यासारखी वाकून धावाधाव. "अरे, बघ ना!" म्हणत ती डावीकडे वळली. शेजारी नुसता थर्मास होता.

तिनं डेस्मंडला फोन केला. ऐंशीचा डेस्मंड काठी टेकत, धापा टाकत आला, पण तेवढ्यात ससाण्यानं सगळा थवा उठवला होता.

"लिहून घेतो," तो म्हणाला. "नोंदी तपासणारी समिती मानेलच असं नाही."

"माझं राहू दे. क्लिफर्डचं लिही. मी साक्षीदार आहे."

"अगं, तूच म्हणालीस, पाहिला नाही म्हणून!"

"पक्षी नाही पाहिला. क्लिफर्डचा चेहरा पाहिला होता."

डेस्मंडनं वही मिटली. "चेहऱ्याची नोंद करत नाहीत, बाई," तो हळूच म्हणाला. पण घरी गेला नाही. घडीची खुर्ची आणून तीन भरत्या तिच्या शेजारी बसला, तिची काकडीची सँडविचं खात, मीठ कमी असल्याची कुरकूर करत. तुतवार फिरकला नाही.

वसंतात समितीचं पत्र आलं. पुरावा अपुरा. पत्र हातात घेऊन डेस्मंड ओशाळून दारात उभा होता.

"आत ये रे," ती म्हणाली. "नोंदीचं काय घेऊन बसलास! मला फक्त त्याला सांगायचं होतं, की दिसला."

आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.