जांभळी टोपी आणि अक्कांची तोंडी

लॅबमध्ये दोन गोष्टी कितीही टाकून दिल्या तरी कोपऱ्यात साठतातच. ट्यूबच्या टोप्या आणि किस्से. टोप्या कचऱ्याची गाडी नेते. किस्से कोण नेणार? म्हणून म्हटलं, आज थोडे तुमच्या पदरात टाकावेत.

मी सव्वीस वर्षं लॅब टेक्निशियन आहे. दर रविवारी सकाळी जळगावात, माझ्याच लॅबच्या मागच्या खोलीत, डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, मुलांची परीक्षेआधीची उजळणी घेते. चांगली घेते, हे मीच सांगते, कारण मुलं सांगणार नाहीत. ती मला टरकून असतात आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

यंदाच्या बॅचमध्ये सगळ्यात मोठ्या रेखाअक्का. वय चव्वेचाळीस. बारावी सायन्स लग्नाआधीच झालेलं. पारोळ्याच्या एका खासगी लॅबमध्ये अठरा वर्षं बेसिनशी उभ्या राहून स्लाइड आणि पिपेट धुतात. तिथल्या डॉक्टरांनी टेक्निशियनची खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी ठेवली आहे, पण यंदाच्या निकालापर्यंतच. लेखी पास, प्रॅक्टिकल पास, आणि तोंडी परीक्षेत दोनदा नापास.

पहिल्याच रविवारी पारोळ्याच्या बसमधून उतरून आल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, यंदा नाही जमलं तर मी परत फॉर्म भरणार नाही. मग जन्मभर बेसिनच."

मी म्हटलं, "बसा आधी. बेसिनचं नंतर बघू."

*

आता याच बॅचमधल्या नितेशचं ऐका, माझ्याच लॅबमध्ये शिकाऊ आहे. वडिलांचं कापडाचं दुकान, तीन पिढ्यांचं. गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणायचं नसतं हे त्याच्या रक्तातच. पोरगं काउंटरवर बसलं की काहीही सॅम्पल घ्यायचं. लेबल नाही? चालेल. सांडलंय? चालेल.

एकदा यावलचे एक नाना चोवीस तासांची लघवी घेऊन आले. पाच लिटरचा डबा, अगदी व्यवस्थित झाकण लावलेला. नितेशने हसतमुखाने घेतला, तपासला, आणि रिपोर्ट माझ्यापुढे सहीला ठेवला. लघवीत चरबीचे थेंब, भरपूर.

मी विचारलं, "हे कशात आणलंय त्यांनी?"

"डब्यात, मॅडम. मोठा आहे, छान आहे."

मी उठून डबा फिरवला. पुढच्या बाजूला भुईमुगाच्या शेंगांचं ठसठशीत चित्र. नानांनी तेल संपल्यावर डबा साधा विसळलासुद्धा नव्हता.

नितेशने त्या चित्रावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मॅडम, म्हणजे नानांची तब्येत ठीक आहे?"

*

रक्त घेताना ट्यूब कोणत्या क्रमाने भरायच्या, हा मुलांचा जुना दुखरा प्रश्न. आधी निळी टोपी, मग लाल, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. दर वर्षी पाठ करतात, दर वर्षी विसरतात. त्यातली जांभळी सगळ्यात खोडकर. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचं मीठ घातलेलं असतं, ते रक्तातलं कॅल्शियमही गिळून टाकतं, आणि त्याचा थेंब जरी लाल ट्यूबमध्ये गेला तरी रिपोर्टचा सत्यानाश होतो.

मी हे इंग्रजीत सांगितलं, मराठीत सांगितलं, फळ्यावर काढलं. सगळ्यांचे चेहरे कोरे. शेवटी मागच्या बाकावरून अक्का अहिराणीत पुटपुटल्या, "वांगाना हात ताकमा घालस का कोनी?"

जांभळी म्हणजे वांगं. भरीत कालवलेला हात ताकाच्या भांड्यात घालायचा नाही. संपलं!

त्या दिवसापासून माझ्या वर्गात एकाचाही क्रम चुकलेला नाही. मी सव्वीस वर्षं उगाच घसा कोरडा केला.

*

आता माझी स्वतःची फजिती. सांगायला लाज वाटते, पण दर बॅचला सांगते.

नोकरीचं पहिलं वर्ष. एका पेशंटचं पोटॅशियम आलं अकरा, आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. साडेतीन ते पाच असलं की पोटॅशियम ठीक. अकरा म्हणजे माणसाचं हृदय थांबायला हवं. पुस्तकात लिहिलं होतं, असा आकडा दिसला की तत्काळ डॉक्टरांना कळवा. मी कळवलं. कसलं कळवलं, रडतच फोन केला.

डॉक्टर ईसीजीचं मशीन घेऊन धावत आले, मागे सिस्टर, मागे मी. पेशंट कुठे? वॉर्डात नाही. संडासात नाही. सापडला तो गेटपाशी, मजेत केळं खात.

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "केळ्याने एवढं वाढतं होय, ताई?"

झालं असं होतं की लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून माझ्या जोडीदारणीने जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं होतं. वांग्याचा हात ताकात! तेव्हापासून माझा नियम एकच. आकडा भयंकर असला तर फोन जरूर करा, पण आधी पेशंट बघा.

*

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी खोटी तोंडी परीक्षा घेतली. परीक्षक झाला युसूफ, धरणगावच्या टेलरचा मुलगा, वर्गातला सगळ्यात हुशार. त्याने माझा चष्मा नाकावर चढवला आणि अक्कांना भारदस्त आवाजात विचारलं, "प्लाझ्मा आणि सीरममध्ये फरक काय?"

हे अक्का झोपेतही सांगतील. पण त्या गप्प. युसूफ घाबरला, चष्मा काढून म्हणाला, "अक्का, मी आहे, युसूफ."

"माहीत आहे रे बाबा," अक्का म्हणाल्या. "पण पुस्तकातल्यासारखं बोलायला गेलं की सगळं पळून जातं. अहिराणीत सगळं येतं."

"मग अहिराणीत सांगा," मी म्हटलं.

"परीक्षेला बाहेरून येणारे सर हसतील."

मी तोंडाची फटकळ आहे. म्हटलं, "हसू देत. हसण्याचे मार्क कापत नाहीत. गप्प बसण्याचे कापतात."

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी वही पिशवीत घातली आणि बस गाठायला निघाल्या. खरं सांगते, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सगळं येणारी बाई केवळ भाषेपायी परत बेसिनला जाणार, याचा संताप येत होता.

*

तोंडी परीक्षा धुळ्याला होती. चौघाचौघांना एका टेबलाशी बसवतात. अक्कांच्या टेबलाशी युसूफ आणि नितेशही होते, म्हणून हे मला शब्दाशब्दाने कळलं.

बाहेरून आलेल्या सरांनी अक्कांना पहिला प्रश्न विचारला. गप्प. दुसरा विचारला. गप्प. सरांनी वाईट वाटल्यासारखं केलं आणि पेनाला टोपण लावलं.

मग त्यांनी एक रिपोर्ट टेबलावर ठेवला. पोटॅशियम अकरा, कॅल्शियम जवळजवळ नाहीच.

"हा तुमच्या हातात आला. काय कराल?"

"तत्काळ डॉक्टरांना फोन," नितेश म्हणाला. चौथ्या मुलीनेही तेच सांगितलं. आणि आमचा हुशार युसूफ, ज्याने माझी केळ्याची गोष्ट तीनदा ऐकली होती, तोही भीतीने तेच बोलून गेला.

सर रिपोर्ट उचलायला वाकले, तर अक्कांनी त्यावर बोट ठेवलं.

"पेशंट कोठे शे?"

"काय?"

"पेशंट, सर. कोठे शे?"

सरांना गंमत वाटली असावी. म्हणाले, "पेशंट घरी गेला, बाई. रक्त दिलं आणि गेला."

"घर गया?" अक्का म्हणाल्या. "चालीसन गया ना, सर? मंग त्याले काय बी व्हयेल नई शे. जांभळीमातलं रक्त लालमा कोनी वतं, ते इचारा."

सर हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

पारोळ्याच्या त्या लॅबला सध्या बेसिनसाठी बाई हवी आहे. कोणी असेल तर कळवा, मुलाखत रेखाअक्का घेतात.