झाडे सर बसले तो दिवस

झाडे सर वर्गात कधी बसले नाहीत. त्यांच्या खुर्चीवर स्टोव्ह असायचा, स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात बर्फ आणि भोवती आम्ही सातवीची पोरं. सर त्या खुर्चीभोवती फेऱ्या मारत शिकवायचे. खडू या हातातून त्या हातात, चष्मा कपाळावरून नाकावर, की पुन्हा कपाळावर. बघणाऱ्यालाच दम लागायचा. मुख्याध्यापक वैतागून म्हणायचे, "झाडे, दोन मिनिटं टेका ना राजेहो!" त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं. "कण कुठी टेकते सर? दगडातला कणबी जागच्या जागी थरथरून राह्यला. मीच काऊन बसू?"

आमची शाळा आष्टी तालुक्यातली. बर्फ सर आठवडी बाजारातल्या गोळेवाल्याकडून आणायचे, सायकलच्या कॅरिअरला पोत्यात गुंडाळून. शाळेत पोचेपर्यंत निम्म्याचं पाणी झालेलं असे. सर ओलं पोतं पिळत म्हणायचे, "घ्या, धडा रस्त्यातच सुरू झाला." आणि धडा संपला की, "इचारा रे, काहीबी इचारा. मी काही चावत नाई."

हे त्यांनी एकदा, फक्त एकदाच, पाळलं नाही.

स्थायू, द्रव, वायू शिकवून झालं होतं. सरांनी विचारलं, "दोन कणांच्या मधात काय असते?" मी हात वर करून ओरडले, "हवा!" "शाबास नंदा!" मी ऐटीत खाली बसले, तर माझ्याच बाकावरची वैशाली मडावी उभी राहिली. कमी बोलणारी, पण बोलली की नेमकं बोलणारी मुलगी. ती म्हणाली, "सर, मंग हवेच्या दोन कणाइच्या मधात काय रायते?"

सरांची फेरी थांबली. क्षणभर खडूही थांबला. मग ते चिडून म्हणाले, "हवाच! बस खाली. उगाच फाटे फोडू नको." वर्ग हसला. मीही हसले, जरा जास्तच. परीक्षेत तोच प्रश्न आला. वैशालीने लिहिलं, 'काहीच नाही', आणि तिला लाल फुली मिळाली. त्या दिवसानंतर तिचा हात वर्गात पुन्हा वर गेला नाही. दहावीनंतर ती रोपवाटिकेत कामाला लागली. मी बी.एस्सी., बी.एड. होऊन विज्ञानाची शिक्षिका झाले आणि सहा वर्षं माझ्या पोरांना 'हवा' हेच उत्तर घोकून घेतलं.

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सकाळी झाडे सर माझ्या पिपरी मेघेच्या घरी हजर झाले. नुकतेच निवृत्त झाले होते. पाणी नको, चहा नको. दारातच म्हणाले, "नंदा, तुले मी चूक शिकवलं."

नोकरीच्या शेवटच्या महिन्यात त्यांना एका प्रशिक्षणाला बसवलं होतं. तिथे शिकवायला आलेल्या तरुण मुलीने तोच प्रश्न विचारला. "साऱ्या मास्तराइनं 'हवा' म्हटलं. माह्याच आवाज सगळ्यात मोठा. मंग ते पोरगी इचारते, हवेच्या कणांच्या मध्ये काय? वैशालीचेच शब्द, नंदा. तेच." खिशातून त्यांनी बिनसुईची सिरिंज काढली, तिच्या टोकावर बोट दाबून दट्ट्या आत ढकलला. "पाह्य, हवा दबली. मधात रिकामी जागा हाय म्हणून दबली. तिथं काहीच नाई. हवाबी नाई."

माझा चेहरा पडला. सहा वर्षं मी शिकवलेल्या पोरांसाठी पडला, आणि वैशालीवरच्या त्या हसण्यासाठीही.

मग सरांनी सपाटाच लावला. जुन्या हजेरीपटातली नावं उतरवून घेतली आणि स्कूटरवरून एकेक विद्यार्थी गाठायला निघाले. नालवाडीतला किराणावाला सुधाकर, आष्टीतला कंपाउंडर, कुणाची सुटका नाही. चहा उभ्यानेच प्यायचा, सिरिंज दाखवायची, चूक सांगायची आणि पुढचं गाव. सुधाकर हसून म्हणाला, "जाऊ द्या ना सर, आता काय फरक पडते?" सर त्याच्यावर उखडले. "तुले नाई पडत. मले पडते!" झोप उडाल्यासारखे वागत होते. खरं कारण मला कळत होतं. यादीतलं एक नाव ते सारखं मागे ढकलत होते.

शेवटी म्हणाले, "दोनदा रोपवाटिकेच्या गेटापर्यंत गेलतो, वापस आलो. भेव लागते वं मले त्या पोरीचं. तू चाल संगं."

वैशाली पिशव्यांमध्ये माती भरत होती. सरांनी सिरिंज काढली, पण दाखवायचं विसरून गेले. "वैशाली, तू बराबर होती. मी चुकलो. अन् वरून तुलेच खाली बसवलं."

"मले याद बी नाई सर," ती म्हणाली. तिचे हात चालूच होते.

मी पुढे झाले. "मी हसले होते, वैशाली."

"ते याद हाय," ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर पायाखालची माती चपलेने उगाच सारखी करत राहिले. मग वैशालीनेच त्यांच्या हातातली सिरिंज घेतली. आधी हवा दाबून पाहिली, मग झारीतलं पाणी ओढून ते दाबून पाहिलं. पाणी काही दबेना. मग सरांकडे वळून म्हणाली, "सर, मधात काहीच नाई, त मंग कण एकमेकाइले धरून कसे रायते? हात पोचाले त काहीतरी पायजे ना?"

सरांनी तोंड उघडलं. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता, उत्तर ओठांवर आल्याचा. पण तोंड पुन्हा मिटलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, रोपांचा एक रिकामा क्रेट उपडा केला आणि त्यावर बसले. झाडे सरांना विद्यार्थ्यासमोर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. ते वर तिच्याकडे पाहत म्हणाले, "माहीत नाई वं पोरी. पाहून सांगतो."

त्यानंतर त्यांनी पुस्तकांचा पिच्छा पुरवला. मला दर दोन दिवसांनी फोन. "सगळीकडे 'आकर्षण' लिवलं हाय. आकर्षण हे त नाव झालं वं, उत्तर कुठी झालं?"

गेल्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी अंगणात फेऱ्या मारता मारता, उभ्यानेच. तेरवीला वैशाली आली होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "सराइले सापडलं का उत्तर?"

सरांच्या मुलाने दिलेली वही माझ्याजवळ होती. पहिल्या पानावर वैशालीचा प्रश्न. पुढची पानंच्या पानं उत्तरं, प्रत्येकावर सरांची स्वतःची लाल फुली. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: 'वैशालीला काय वाटतं, ते आधी विचारायला हवं होतं.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. वही मिटून छातीशी धरली आणि कधी नव्हे ते मोकळेपणाने बोलायला लागली. "मले असं वाटते पाह्य, नंदा..."

मी मांडवातली सतरंजी ओढली आणि तिच्यासमोर खाली बसले.