कोंबडीला चिकटलेलं शिंग

लिओनिसा माग्बानुआ चिडली की तिचा आवाज चढत नसे. उलट खाली जायचा, आणि एकेक शब्द खिळा ठोकावा तसा समोरच्याच्या कपाळात बसायचा. पन्नाशी उलटलेली, डुकरं पाळून दोन पोरी शिकवलेली ही बाई नऊ वर्षं डोंगरावरच्या वस्तीत कुत्र्यांना रेबीजची लस टोचत हिंडत होती. खांद्याला बर्फाची निळी पेटी, काखेत फाटकी वही, आणि पोटऱ्यांवर कुत्र्यांच्या नखांचे ओरखडे.

वस्तीत सगळे तिला नांग, म्हणजे ताई, म्हणायचे, आणि सगळ्यांच्या सबबी तिला पाठ होत्या.

"नांग, आमचं कुत्रं कुंपणाभायेर जातच न्हाई." कुत्रं त्याच वेळी शेजाऱ्याच्या उकिरड्यावर.

"नांग, पिल्लू लई बारीक हाय. फुडल्या साली बघू."

"बारीक पिल्लाला दात न्हाईत काय रे?" ती विचारायची. लोक हसायचे आणि कुत्र्याला घरामागं हाकलायचे.

एका रविवारी ती सुकट घेऊन धाकट्या बहिणीकडं गेली. देल्फिना सात महिन्यांची पोटुशी. अंगणात ती कोंबडी कापत बसली होती, आणि फणसाखाली बाकड्यावर म्हातारा हिलारियो पाय पसरून जेवणाची वाट बघत होता. हिलारियो म्हणजे शिंगवाला; वडीलधारा म्हणून लोक त्याला नोंग म्हणायचे. कुणाला कुत्रं चावलं की हरणाच्या शिंगाचा भाजून काळा केलेला तुकडा तो जखमेवर ठेवायचा. तुकडा चिकटायचा, थोड्या वेळानं गळून पडायचा. पडला म्हणजे विष निघालं.

त्याला बघितलं आणि लिओनिसा सुकट खाली ठेवून बहिणीजवळ गेली. मग तिला बहिणीचं मनगट दिसलं. दातांचे दोन ठिपके, त्यांच्याभोवती गोल काळा डाग.

"कवा चावलं?"

"काय न्हाई गं नांग, पिल्लूच व्हतं. बुधवारी. हात लावला तर चवताळलं."

"पिल्लू कुठाय?"

देल्फिनानं मान खाली घातली. तिचा नवरा क्रिसांतो दारातून म्हणाला, "मेलं शुक्रवारी. केळीखाली पुरलं. जंत झालं असतील."

"जंत झाल्यालं पिल्लू बायकोला चावून दोन दिसांत मरतं व्हय रं? आन् मला सांगावा धाडायला तुझ्या जिभंला काय झालं व्हतं?"

"नोंग हिलारियोनं इलाज केलाय की. शिंग पडलं. आज त्यासाठीच कोंबडी..."

लिओनिसानं बहिणीला दंडाला धरून उठवलं आणि नळाखाली नेलं. साबणाची वडी घेऊन ती जखम धुवायला लागली ती थांबेचना. चार दिवस उशीर झाला होता, तरी धुतली. देल्फिना चुळबुळ करायला लागली तशी म्हणाली, "हालू नगंस. आन् हितनं थेट सुयांच्या केंद्रावर."

क्रिसांतो आडवा आला. "सुई पोटातल्या पोराला बाधली म्हंजी?"

"सुई बाधत न्हाई. डागदराला इचार, नर्सला इचार. पर आई मेली तर पोर कुठं ऱ्हाईल, ते तू सांग."

"मरणाचं काय बोलतीस? इख निघालंय!"

"वस्तीतल्या युसेबियोला कुत्रं चावलं तवा त्याच्या टाचंवरनंबी हेच शिंग पडलं व्हतं." तिनं हिलारियोकडं वळून म्हटलं. "दोन म्हयन्यांनी त्याला पाण्याचा घोट गिळंना. मरंपर्यंत खांबाला बांधला व्हता त्याला. मी व्हते तिथं. तुमी नव्हता, नोंग."

"त्यो उशिरा आला व्हता," हिलारियो म्हणाला. "शिंग खोटं बोलत न्हाई. इख असंल तरच चिकटतं."

लिओनिसानं बाकड्यावरची त्याची पिशवी उचलली, काळा तुकडा काढला आणि परातीतल्या कोंबडीच्या ओल्या तंगडीवर दाबून धरला. मनात दहा मोजले आणि हात काढला. तंगडी उचलून उलटी केली. शिंग पडलं नाही. गोचिडासारखं लटकून राहिलं.

"आता सांगा," ती म्हणाली, "ह्या कोंबडीला कुठलं कुत्रं चावलंय?"

"शिंगाचा इटाळ केलास!" म्हातारा ओरडला.

"वलं रगात दिसलं की ते मेल्या मांसालाबी चिकटतं, आन् सुकलं की पडतं. त्येवढीच इद्या हाय त्याच्यात."

क्रिसांतो तंगडीकडं बघत राहिला. देल्फिनानं मात्र ओले हात लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या फडक्याला पुसले, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "भाड्याची मोटारसायकल बोलवा कुणीतरी. मी चालले."

केंद्रावर नर्सनं विचारलं, किती दिवस झाले. चार, म्हटल्यावर ती भडकली. "घरात लस देणारी बहीण असून?"

लिओनिसाला आपली वही आठवली. यंदा लस टोचायच्या दिवशी क्रिसांतोनं आपली शिकारीची पाच कुत्री बांबूच्या बेटात बांधून ठेवली होती. लशीनं नाक मरतं, मग डुकराचा माग लागत नाही, अशी साऱ्याच शिकाऱ्यांची समजूत. त्यानं दारातूनच सांगितलं होतं, कुत्रं नाही. आणि दुसऱ्या कुणाचं असतं तर घरामागं जाऊन तिनं शेपट्या मोजल्या असत्या, पण मेहुणा म्हणून तिनं वहीत लिहून टाकलं होतं: नाही. तो राग तिला कुणावर काढता येईना.

जखमेत सुया टोचताना देल्फिनानं तिचा हात आवळला. पुढच्या सुयांच्या तारखा नर्सनं कार्डावर लिहून दिल्या. लिओनिसानं कार्ड बहिणीला दिलंच नाही, स्वतःच्या पोलक्यात खोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेटी घेऊन क्रिसांतोच्या अंगणात उभी राहिली. तो मुकाट बांबूत गेला, पाच कुत्री ओढत आणली आणि एकेकाचं तोंड धरून बसला. पाच सुया झाल्या, त्या तिनं वहीत मांडल्या. मग घराला वळसा घालून मागं गेली. कोंबड्यांच्या खुराड्याखाली, चिंध्यांत, मेलेल्या पिल्लाचा भाऊ झोपला होता.

"क्रिसांतो," ती तिथूनच म्हणाली, आवाज अगदी खाली, "ह्यो कुणाचा?"